मणेरीकर भाऊजींचा गरम तंबू

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला आणि पलीकडून "वहिनी, कोण कोण?" एवढंच ऐकू आलं, की समजायचं, मणेरीकर भाऊजी. नमस्कार नाही, कशा आहात नाही. कुठे जायचं, कधी निघायचं, जेवणाचं काय, हे सगळं त्यांना नंतर लागायचं. आधी माणसं. मी नावं सांगत जायची आणि ते प्रत्येक नावाला "हं" म्हणत जायचे. एखाद्या नावाला "हं" यायचा नाही. तिथे मी थांबायची, कारण आता चौकशी सुरू होणार हे मला ठाऊक असायचं. त्यांचे वडील येतायत का बरोबर? पोरीचा खोकला गेला का? जाड पांघरुणं आहेत की नुसत्याच चादरी? सगळं विचारून झालं की भाऊजी निकाल द्यायचे. "तंबू घेतो," नाहीतर "तंबू नको." या निकालावर अपील नसायचं.

आम्ही मस्कतमधली चार-पाच मराठी घरं. हिवाळा सुरू झाला की सुट्टीच्या दिवशी डोंगरात नाहीतर वाळवंटात जाऊन मुक्काम ठोकायचा, हा आमचा छंद. कुणीतरी गमतीनं 'शिकारी मंडळ' असं नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. शिकार कसली, डोंबल! इथे शिकारीला बंदी. आमच्यातल्या कुणाकडे साधी गलोलसुद्धा नव्हती. होते ते कॅमेरे. माझा नवरा सुधीर आणि इतर पुरुष मंडळी पहाटे उठून कड्याकड्यांनी हिंडायची. त्यांना हवा होता इथला रानबोकड, ज्याला तहर म्हणतात. इतक्या वर्षांत त्यांच्या हाती लागली होती एकदा त्याची लेंडी आणि एकदा त्याची पाठमोरी शेपटी. बाकी आम्हा बायकांना त्या बोकडाचं काही सोयरसुतक नव्हतं. मस्कतच्या रुवी भागातल्या दोन खोल्यांतून बाहेर पडायला मिळतंय, तेवढं पुरे होतं.

भाऊजींना खरं तर बोकडाचंही नव्हतं आणि डोंगराचंही नव्हतं. ते का यायचे, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. उंच माणूस, पण खांद्यातून पुढे वाकलेला, दार ठेंगणं असल्यासारखा कायम मान खाली घालून चालणारा. रुवीत एकटे राहायचे. बायको कुडाळला शाळेत शिकवायची, मुलगा तिकडेच वाढला. भाऊजी वर्षातून एकदा जाऊन यायचे. शिकलेले इंजिनिअर, मोठमोठ्या इमारतींच्या एसीची डिझाइनं करायचे. म्हणजे सगळा जन्म लोकांना गार करण्यात गेला आणि स्वतः मात्र गारठ्याला भ्यायचे. मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना, या माणसाच्या खिशात मरून रंगाची माकडटोपी असायची. मॉलमध्ये शिरताना ती डोक्यावर चढायची. आम्ही हसलो की म्हणायचे, आमच्या धंद्यातले लोक कुठे किती गार करून ठेवतात ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही.

आणि गारठा ही त्यांच्या भीतीची नुसती सुरुवात. कुणाच्या घरी गेले की आधी गॅसची खुंटी बघायची. बसायचं ते दाराजवळच्या खुर्चीवर. खिडकी बंद दिसली की उठून बोटभर उघडायची आणि काहीच न केल्यासारखं परत येऊन बसायचं. घाटात गाडीचा ब्रेक तापलेला वास त्यांना सगळ्यांच्या आधी यायचा. गाडी थांबवून ते उतरायचे, चाकांभोवती फिरून यायचे. पोरं त्यांना मागून 'भित्री भागूबाई' म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. "भिणारा माणूस घरी जातो, वहिनी," असं एकदा मला म्हणाले. मी स्वतः एक नंबरची भित्री. फरक एवढाच, की माझी भीती पोटात असायची आणि त्यांची चारचौघांत. जबल अखदर डोंगराच्या चढणीवर मी डोळे मिटून मनातल्या मनात रामरक्षा म्हणायची, आणि डोळे उघडले की पुढच्या गाडीत भाऊजी उघड उघड दरवाजाची मूठ धरून बसलेले असायचे. मला त्याचा केवढा आधार वाटायचा!

तर तो तंबू. तो त्यांनी स्वतः करवून घेतला होता. जाड कॅनव्हासचा, बसका, आत सात-आठ माणसं आडवी होतील एवढा. वादी कबीर भागातल्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमधून छोटी लोखंडी शेगडी बनवून घेतली. तिला घट्ट दार, आणि वरून तंबूच्या छताबाहेर जाणारं धुराडं. एसीच्या डक्टचं काढावं तसं त्याचं ड्रॉइंग काढलं होतं त्यांनी. आत लाकूड पेटवलं की तंबू घरासारखा उबदार व्हायचा आणि धूर सगळा बाहेर. पण त्यातही भाऊजींची तऱ्हा बघा. एवढा गरम तंबू उभा करायचा आणि त्याचं दार हातभर उघडं ठेवायचं. वर एक, खाली एक, अशा दोन जाळ्या उघड्या. आत कुणी झोपलं असेल तर स्वतः शेगडीजवळ स्टूल टाकून जागत बसायचं. सुधीर म्हणायचा, याला गरम तंबू म्हणण्यापेक्षा गरम मांडव म्हणा.

त्या तंबूचं वजन भयंकर होतं. तो आला की एक अख्खी डिकी गेली. मग खुर्च्या राहायच्या, कॅरम राहायचा, एकदा तर मटणाचं पातेलं राहिलं आणि त्यावरून रामायण झालं. म्हणून तंबू घ्यायचा की नाही, हा आमच्याकडे दर वेळचा भांडणाचा विषय. पुरुष मंडळी फोनवर तापमान दाखवायची, अमुक डिग्री आहे, कशाला हवा तंबू. भाऊजी तेही बघायचे. वारा कुठून आहे, ढग आहेत का, कपडे भिजण्याची शक्यता आहे का, अडचण आली तर गाडी अंधारात खाली उतरवता येईल का, सगळं बघायचे. पण निकाल त्यावर द्यायचे नाहीत. "पारा किती ते मला सांगू नका," म्हणायचे, "मला थंडी वाजते असं ज्याला सांगता येत नाही, असं कुणी बरोबर आहे का, ते सांगा." त्यात तान्ही पोरं यायची. अगदी म्हातारी माणसं यायची, कारण त्यांना कळायच्या आधीच हातपाय गार पडतात. गावाकडून नुकतं आलेलं माणूस यायचं, कारण वाळवंटाच्या देशात थंडी असते हेच त्याला खरं वाटत नाही. आणि सुधीरसारखे पुरुष यायचे, जे कुडकुडतील पण कबूल करणार नाहीत. त्यांच्यासाठी मात्र तंबू आणायचे नाहीत. त्यांना म्हणायचे, मरा.

दुसरी तऱ्हा हजेरीची. मुक्कामावर अंधार पडायला लागला की भाऊजी थोड्या थोड्या वेळानं एकेका तंबूशी जायचे आणि बाहेरून नाव घेऊन हाक मारायचे. आतून उत्तर आलंच पाहिजे, तेही तोंडाने. टॉर्च हलवून दाखवलेला चालायचा नाही. पोरं शेळीसारखी बें बें करायची, कुणी शाळेतल्यासारखं "हजर, गुरुजी" म्हणायचं. भाऊजींना त्याचा राग नसायचा. आवाज आला की पुढच्या तंबूकडे वळायचे. मला मात्र ती हजेरी आवडायची. परक्या मुलखात, आजूबाजूला नुसता काळा डोंगर, आणि कुणीतरी आपलं नाव घेऊन आपण आहोत ना हे बघून जातंय, याने मला झोप लागायची.

एकदा मात्र फजिती झाली. मार्चमध्ये वाळूच्या टेकड्यांत जायचं ठरलं. कुणाचे तरी दम्याचे सासरे येणार होते, म्हणून भाऊजींनी तंबू घेतला. आणि त्या दिवशी हवा अशी काही फिरली की तव्यावर बसल्यासारखं झालं. रात्रीसुद्धा अंगाची लाही. तो जाडजूड तंबू वाळूत उभा, धुराडं आकाशाकडे, आणि आत चिटपाखरू नाही. सगळ्यांनी भाऊजींची इतकी टर उडवली की मलाच वाईट वाटलं. शेवटी त्या शेगडीवर कांदाभजी तळली आणि तेवढाच तिचा उपयोग झाला. भाऊजी भज्यांची बशी घेऊन दूर बसले होते. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "उपयोग झाला नाही, हे देवाचे उपकार की, वहिनी."

पण त्या दिवसापासून एक वाईट पायंडा पडला. मणेरीकरांना सगळी नावं सांगायची नाहीत. बरोबर म्हातारं कुणी असेल, पोर आजारी असेल, तर आदल्या दिवशीपर्यंत गप्प बसायचं, म्हणजे ते धूड यायला नको. सगळे हसत हसत करायचे हे, आणि त्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं.

गेल्या काही वर्षांतलीच गोष्ट. जानेवारीत जबल अखदरला जायचं ठरलं. मी भाऊजींना फोनवर नावं सांगितली. निखिल येणार होता, एकटा. निखिल म्हणजे आमच्यातला सगळ्यात तरुण, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याची बायको गौरी बाळंत झालेली, मुलगी पाच महिन्यांची, ईरा. बाळंतपणाला गौरीची आई साताऱ्याकडच्या खेड्यातून आली होती आणि नातीसाठी राहिली होती. भाऊजींनी विचारलं, निखिल एकटाच ना? मी म्हटलं, मला तरी तसंच सांगितलंय. "तंबू नको," म्हणाले.

सकाळी डोंगराच्या पायथ्याच्या पेट्रोल पंपावर सगळ्या गाड्या भेटल्या. तिथून पुढे पोलीस चौकी आणि मग ती चढण. निखिलची गाडी आली आणि मागच्या काचेतून गौरी हसली. तिच्या एका बाजूला आई, डोक्यावरून पदर घेतलेली, आणि दुसऱ्या बाजूला सीटमध्ये बांधलेली ईरा. आईला घरात कंटाळा आला होता, म्हणून ऐन वेळी सगळ्यांनाच घेतलं, असं निखिल म्हणाला. आणि मग हळूच, भाऊजींना सांगितलं असतं तर अख्खं घर बांधून आणलं असतं त्यांनी.

भाऊजी गाडीच्या टपावर हात ठेवून आत बघत उभे राहिले. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी मस्कतला जाऊन तंबू घेऊन येतो, संध्याकाळपर्यंत वर पोहोचतो. सगळे हसले. निखिलनं फोन पुढे केला, आठ डिग्री, काका, आमच्या पुण्यात याहून जास्त थंडी असते. सुधीर म्हणाला, वाटलंच तर वर हॉटेलं आहेत. मी म्हटलं, जाऊ द्या ना त्यांना, पण माझं कोण ऐकतंय. वाळूतल्या भज्यांची आठवण कुणीतरी काढली आणि पुन्हा हशा झाला. तेव्हा भाऊजीही हसले. त्यांना हसताना मी क्वचितच बघितलं होतं. ते हसणं मला आवडलं नाही. घाबरलेल्या माणसानं स्वतःच्या भीतीची लाज वाटून हसावं, तसं होतं ते. "बरं, चला," म्हणाले.

वर गेल्यावर नासर नावाच्या एका ओमानी बागायतदाराच्या डाळिंबाच्या बागेपलीकडे आम्ही तंबू लावले. त्याची परवानगी घ्यायला भाऊजीच गेले. नासरनं हो म्हटलं, पण पश्चिमेकडे हात करून "वाजिद बारिद" म्हणाला, म्हणजे फार थंडी होणार. ढग तेव्हा मुठीएवढाच दिसत होता. दुपारी सुधीर, निखिल आणि आणखी दोघं कॅमेरे घेऊन कड्याकडे गेले. आम्ही बाहेर एका उघड्या शेगडीत निखारे फुलवून ठेवले, पुरुष आले की मटण भाजायचं म्हणून.

चार वाजायच्या सुमारास ढग अंगावरच आला. आधी वारा, मग गारा. बोरांएवढ्या गारा तंबूवर ताड ताड आपटत होत्या, खुर्च्या उडाल्या, अंथरुणं भिजली. गौरी, तिची आई आणि ईरा त्यांच्या तंबूत शिरल्या, पण तोवर तिघीही चिंब. गारा थांबल्या तेव्हा जमीन पांढरी झाली होती आणि थंडी अशी, की बोटं वाकेनात. कड्याकडे गेलेल्यांचा पत्ता नव्हता, फोनला रेंज नव्हती. भाऊजी म्हणाले, मी नासरकडे जातो, एखादी खोली मागतो, तुम्ही कपडे बदला, मी आलोच. आणि मान खाली घालून जवळजवळ पळतच गेले.

मी माझ्या तंबूत ओले कपडे काढत होते. तेवढ्यात ओव्याचा वास आला. निखाऱ्यावर ओवा टाकल्यावर येतो ना, तो बाळंतिणीच्या खोलीचा वास. गौरीच्या आईनं बाहेरची शेगडी, गारा सुरू होताच आम्ही परातीनं झाकलेली, राखेखाली निखारे तसेच होते, ती उचलून आत नेली असणार हे मला कळलं. त्यांच्या गावी, माझ्या माहेरी, सासरी, सगळीकडे तेच तर करतात. मायलेकींना शेक, बाळाला धुरी. त्या परक्या डोंगरावर तो वास आला आणि मला इतकं बरं वाटलं, की घरी असल्यासारखं. मी शाल गुंडाळून बसून राहिले.

मशिदीतली संध्याकाळची बांग संपली तेव्हा भाऊजींची पावलं ऐकू आली. नासरनं खोली दिली होती. आल्या आल्या त्यांनी हजेरी सुरू केली. "वहिनी?" मी म्हटलं, आहे. मग पलीकडे हाक आली, "गौरी?" उत्तर नाही. "गौरी?" उत्तर नाही. "आई?" बराच वेळ काहीच नाही, आणि मग जड जिभेनं, लांबून आल्यासारखं, "हं... निजलोय आम्ही, दादा."

उत्तर आलं होतं. तोंडानं आलं होतं. मला वाटलं भाऊजी आता पुढे जातील. पावलं हलली नाहीत. मग त्यांनी जोरात श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं, आणि पाठोपाठ त्यांची किंकाळी. घाबरले की भाऊजींचं शहरी मराठी सुटायचं आणि मालवणी यायची, हे आम्हाला ठाऊक होतं, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "भायर येवा! सगळी भायर येवा!"

मी अनवाणी बाहेर आले. भाऊजी तंबूची चेन ओढत होते. ती थंडीनं आणि पाण्यानं अडकली होती, आणि आई आतून खालपर्यंत नीट लावून बसलेली, बाळाला वारं लागू नये म्हणून. चेन सरकेना. तेव्हा त्यांनी तंबूच्या कडेला हात घातला आणि अख्खा तंबू खुंट्यांसकट वर उपटला. वाकून चालणारा तो माणूस, पहिल्यांदा सरळ उभा राहिलेला मी बघितला. तंबू वाऱ्यानं उलटा होऊन बागेच्या कुंपणात गेला. मागे उघड्यावर तिघी, आणि मधे लालबुंद शेगडी. शेगडी त्यांनी उघड्या हातानंच बाजूला फेकली. गौरी कुशीवर पडली होती, डोळे अर्धे उघडे. आई बसल्या बसल्या झुलत होती. ईरा गोधडीत होती, गाल गुलाबी, इतके छान गुलाबी, आणि मान लुळी.

भाऊजींनी तिला उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तोंड वाऱ्याकडे करा. ज्या वाऱ्यापासून सगळ्यांनी तिला लपवलं होतं, त्याच बोचऱ्या वाऱ्याकडे मी तिचं तोंड धरलं. ती रडत नव्हती. हलत नव्हती. भाऊजी तिच्या पायांचे तळवे चोळत होते आणि हाक मारत होते, ओरडून नाही, अगदी हजेरीच्या आवाजात. "ईरा? ईरा?" थोडं थांबायचे, उत्तराची वाट बघायचे, पुन्हा, "ईरा?" पाच महिन्यांचं पोर ते. काय उत्तर देणार? मला त्या क्षणाइतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. आजही नाही.

मग मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. मग एक उचकी, आणि मग तिनं जे भोकाड पसरलं! गौरी उलटी करायला लागली, आई कपाळ धरून कण्हायला लागली. नासर गाडी घेऊन आला, सगळ्यांना कोंबलं आणि वरच्या गावातल्या दवाखान्यात नेलं. आम्ही निघालो तेवढ्यात कड्याकडून निखिल आणि सुधीर धावत आले. गारांत ते कपारीखाली बसले होते आणि तिथे, समोरच्या सुळक्यावर, त्यांना अखेर तो रानबोकड दिसला होता. निखिल लांबूनच कॅमेरा वर करून ओरडत होता, मिळाला, मिळाला. तो फोटो आजतागायत कुणी बघितलेला नाही.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. तिघी शुद्धीवर होत्या, धोका टळला होता. डॉक्टरनं आम्हाला काही फार समजावलं नाही, वर बोट करून अल्हम्दुलिल्ला म्हणाला. निखिल भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. आईला बरं वाटल्यावर तीही रडायला लागली. "आमच्यात बाळंतिणीच्या बाजंखाली शेगडी असतीच की, दादा. माझ्या सहा बाळंतपणांत होती. कुणाला कधी काई झालं न्हाई." तिला कुणी काही बोललं नव्हतं, पण तिनं सगळं स्वतःवर घेतलं होतं. भाऊजी पलंगाशेजारी बसले, हाताला पट्टी बांधलेली. म्हणाले, "आई, तुमच्या घराला कौलं आहेत. आढ्यातून सगळं निघून जातं. या कापडाला कौलं नाहीत. तुमची चूक नाही, घराची आहे."

मग बाहेरच्या बाकावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. मी विचारलं, आईनं तर उत्तर दिलं होतं, मग तुम्हाला कळलं कसं? म्हणाले, आवाज जड होता आणि ओव्याचा वास आला. ओवा आहे म्हणजे निखारा आहे. निखाऱ्याच्या विषाला स्वतःचा वास नसतो, वहिनी. तो ओवा नसता तर मी पुढे गेलो असतो.

आणि त्या बाकावर त्यांनी मला सोहारची गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. नवे नवे ओमानला आले होते, सोहार शहराच्या औद्योगिक वसाहतीत साइटवर होते. हिवाळ्यातली सकाळ. पत्र्याच्या केबिनीत दोन वॉचमन झोपायचे. भाऊजींनी बाहेरून हाक मारली, उत्तर आलं नाही. झोपले असतील बिचारे, रात्रभर जागतात, असं म्हणून ते चहा प्यायला गेले. चहा पिऊन आले, पुन्हा हाक मारली, मग दार उघडलं. आत विझत आलेल्या कोळशाची पाटी होती. दोघं पांघरुणं घेऊन निजलेले, गाल गुलाबी. "मी चहा प्यायला गेलो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. चहाच्या आधी दार उघडलं असतं तर ते वाचले असते की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "आज मी पंपावर हसलो, वहिनी. हसायला नको होतं."

त्यानंतर तंबू प्रत्येक वेळी आला. कुणी हसलं नाही, कॅरम गेला तरी नाही. ईराही येत राहिली, आधी गौरीच्या कडेवर, मग बोट धरून. भाऊजी हजेरी घेत राहिले, पण ईराचं नाव मात्र त्यांनी हजेरीत पुन्हा कधी घेतलं नाही. ती जिथे असेल तिथे स्वतः वाकून बघून यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ते नाव हाकेत घेतलं की मी पुन्हा त्या उत्तराची वाट बघत बसतो. मला पटलं. माझंही तेच आहे, अजून कुणाकडे ओव्याचा वास आला की मी उठून खिडक्या उघडते.

गेल्या वर्षी कंपनीनं त्यांचं काम संपवलं. फायनल एक्झिट, म्हणजे आता कायमचं कुडाळला. जाताना त्यांनी तंबू निखिलला दिला आणि दोन दिवस त्याला तो कसा लावायचा, जाळ्या कुठल्या उघड्या ठेवायच्या, हे शिकवलं. एअरपोर्टवर आम्ही सगळे सोडायला गेलो. आत शिरताच माकडटोपी डोक्यावर चढली, तेव्हा सगळे हसलो, आणि भाऊजीही हसले. त्यांनी सगळ्यांना नावानं हाक मारून निरोप घेतला, आम्ही एकेकानं "हजर" म्हटलं. बें बें करणारी पोरं आता दाढीमिशीची झाली होती, त्यांनीही म्हटलं. ईरापाशी आल्यावर त्यांनी नेहमीसारखंच नाव घेतलं नाही, नुसते वाकले.

ईरा तेव्हा केजीत जात होती. घरी-दारी इंग्रजी, मराठी फुटकळ. तिनं भाऊजींच्या शर्टाची बाही ओढली आणि गौरीकडे बघून काहीतरी इंग्रजीत पुटपुटली. गौरी म्हणाली, काकांना मराठीत सांग. ईरानं शब्द जुळवले.

"काका, मला... थंडी वाजते."

भाऊजी वाकलेले होते ते तिथेच गुडघ्यांवर बसले. पाठीमागून माणसं ट्रॉल्या घेऊन जात होती, आम्ही त्यांच्या वाटेतच उभे होतो. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून ईराच्या डोक्यात घातली, हनुवटीपर्यंत ओढली, कान झाकले की नाही ते दोन्ही बाजूंनी बघितलं. अशा गार जागेत त्यांचं उघडं डोकं इतक्या वर्षांत मी तेव्हा प्रथम पाहिलं. चार पांढरे केस, तेही टोपीनं चपटे झालेले.

उठताना त्यांनी निखिलच्या खांद्याचा आधार घेतला. म्हणाले, "हिच्यासाठी आता तंबू नको." आणि बोडक्या डोक्यानं, मान खाली घालून, आत गेले.